उसाचा केवडा आणि रक्तातलं लोह

सोनपेठच्या काळ्या रानात खोडव्याचा ऊस फुटून वर आला, की काही फडांत पिवळी ठिगळं दिसू लागतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, कधी कधी तर पार पांढरट होतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतात, उसावर केवडा आला. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. हिराकस आणायचा, त्याचं अर्धा ते एक टक्क्याचं पाणी करायचं आणि पानांवर फवारायचं. थोड्या दिवसांत पान हिरवं धरू लागतं.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. आणि इथेच मला बरीच वर्षं एक कोडं पडलेलं होतं. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, हे शाळेत शिकलो. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, हेही शिकलो. लोह त्यात औषधालाही नाही. मग लोह फवारल्यावर पान हिरवं का व्हावं?

जमिनीत लोह नसतं असंही नाही. आपल्या काळ्या मातीत ते भरपूर आहे. पण चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत ते गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं आणि मुळांना उचलता येत नाही. म्हणजे घरात धान्य आहे, पण कणगीला कुलूप आहे. पानात ते लोह नक्की काय करतं, हे मात्र मातीकडे बघून कळत नाही. त्यासाठी पॉर्फिरीन नावाच्या एका रेणूकडे जावं लागतं. तिथे गेलं की उसाच्या पानाची गोष्ट आपल्या रक्ताच्या गोष्टीला येऊन मिळते.

सोनार खडा बसवण्याआधी त्याचं कोंदण घडवतो. पॉर्फिरीन हे निसर्गाचं कोंदण आहे. चार लहान पंचकोनी कड्या, प्रत्येकीत नायट्रोजनचा एक अणू. या चार कड्या कार्बनच्या चार दुव्यांनी गोल जोडल्या की मधोमध बरोबर एका धातूपुरती जागा उरते आणि चारही नायट्रोजन त्या जागेकडे तोंड करून बसतात. तिथे लोह बसवलं की हीम तयार होतं, हिमोग्लोबिनमधलं हीम. मॅग्नेशियम बसवून पुढे आणखी थोडी घडाई केली की हरितद्रव्य. याच घराण्यातल्या, जरा वेगळ्या बांधणीच्या कोंदणात कोबाल्ट बसला की ब-१२ जीवनसत्त्व. रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा हे एकाच कोंदणाचे रंग आहेत. हरितद्रव्यावरच्या कामासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना १९१५ चं आणि हीम व हरितद्रव्य या दोन्हींच्या रचनेवरच्या कामासाठी हान्स फिशर यांना १९३० चं नोबेल मिळालं, ते याच नात्याच्या शोधापायी.

पॉर्फिरीन हे नाव जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आलं. मोकळं, धातू न बसवलेलं पॉर्फिरीन बघायचं असेल, तर प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तपकिरी कवचाचं ताजं अंडं घ्या, अंधाऱ्या खोलीत जा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरा. कवच लालसर चमकतं. तो तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरीनचा आहे. हेच ते कोंदण, फक्त खड्याविना.

हे कोंदण शरीर घडवतं कशापासून? या प्रश्नाचं पहिलं उत्तर डेव्हिड शेमिन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञानं स्वतःच्या अंगावर प्रयोग करून मिळवलं. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. ग्लायसीन हे प्रथिनांतलं सगळ्यात साधं अमिनो आम्ल. त्यात नेहमीच्या नायट्रोजनऐवजी जड नायट्रोजन, नायट्रोजन-१५, घालून त्यांनी ते तयार केलं आणि ६६ तासांत ६६ ग्रॅम पोटात घेतलं. मग ते कित्येक महिने स्वतःचं रक्त काढून तपासत राहिले. जड नायट्रोजन हीममध्ये उतरला होता. म्हणजे कोंदणातले नायट्रोजन ग्लायसीनमधून येतात. पण त्या खुणेनं आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी विचारलीही नव्हती. हीममधला जड नायट्रोजन लगेच कमी झाला नाही. तो तसाच टिकला आणि सुमारे चार महिन्यांनी उतरू लागला. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस असतं, हे आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं. डेव्हिड रिटनबर्ग यांच्यासोबत शेमिन यांनी १९४६ मध्ये ते असं दाखवून दिलं.

पुढच्या काही वर्षांत सगळी साखळी उलगडली. हीम घडवायला आठ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं आहे. पहिली पायरी तंतुकणिकेत, मधल्या चार बाहेर पेशीद्रवात आणि शेवटच्या तीन पुन्हा तंतुकणिकेत. पहिलं विकर ग्लायसीन आणि सक्सिनिल-को-ए यांच्यापासून डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, थोडक्यात एएलए, बनवतं. त्याला ब-६ जीवनसत्त्वाची साथ लागते. दुसरं विकर दोन एएलए जोडून एक पंचकोनी कडी करतं. त्याच्या कामाच्या जागी जस्त असतं. मग चार कड्या ओळीनं जोडल्या जातात, गोल मिटवल्या जातात, कडेच्या फांद्या छाटल्या जातात आणि सगळ्यात शेवटी फेरोकिलेटेज नावाचं विकर मधोमध लोह बसवतं. एका हीमसाठी आठ ग्लायसीन खर्ची पडतात. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात आणि एकेका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन असतात. प्रत्येक हिमोग्लोबिनमध्ये चार हीम. हे गुणाकार मी पूर्वी वर्गात फळ्यावर मांडायचो आणि शून्यं लिहिताना फळा अपुरा पडायचा.

वनस्पतींमध्ये सुरुवात थोडी वेगळी आहे. तिथे एएलए ग्लायसीनपासून नाही, ग्लुटामेटपासून बनतं. पण पुढची वाट तीच. अगदी प्रोटोपॉर्फिरीनपर्यंत आपण आणि ऊस एकाच रस्त्यानं चालतो. हे दाखवणारा माणूस म्हणजे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले सॅम ग्रॅनिक. त्यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळावर क्ष-किरण सोडून त्यात बिघाड घडवले. बिघडलेल्या शेवाळाचा एक वाण हिरवा न होता तपकिरी झाला. त्यात काय साठलंय हे पाहिलं, तर प्रोटोपॉर्फिरीन! हीम बनतं तेच कोंदण. दुसऱ्या एका वाणात मॅग्नेशियम बसवलेलं प्रोटोपॉर्फिरीन साठलेलं होतं. हरितद्रव्याचा रस्ता हीमच्याच रस्त्याला फुटलेला फाटा आहे, हे १९४८ मध्ये असं सिद्ध झालं. कारखान्याचं यंत्र एकेका जागी बंद पाडायचं आणि कुठे माल तुंबतो ते बघायचं, इतकी सरळ ही पद्धत आहे. जीवरसायनशास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच.

आता केवड्याचं कोडं सोडवता येतं. मॅग्नेशियम बसल्यावर हरितद्रव्य लगेच तयार होत नाही. चार कड्यांच्या बाजूला आणखी एक पाचवी कडी घडवावी लागते आणि ती घडवणाऱ्या विकराच्या कामाच्या जागी लोहाचे दोन अणू असतात. हरितद्रव्यात लोह नाही, पण ते घडवणाऱ्या कारागिराच्या हातातलं हत्यार लोहाचं आहे. लोह मिळालं नाही की मॅग्नेशियमपर्यंतचं काम होऊन माल तिथेच अडतो आणि पान पिवळं राहतं. झाडाला जुन्या पानातलं लोह काढून नव्या पानाला सहज देता येत नाही, म्हणून केवडा आधी कोवळ्या पानावर दिसतो. मॅग्नेशियमची कमतरता असती, तर उलट झालं असतं. झाड जुन्या पानातून मॅग्नेशियम उचलून कोवळ्याला देतं, त्यामुळे आधी खालची पानं पिवळी पडली असती. फवारणीआधी पिवळं पान वरचं आहे की खालचं, एवढं बघितलं तरी कितीतरी वेळा चुकीचं औषध मारण्याचा खर्च वाचेल.

या कोंदणाच्या इतिहासात एक मराठी नाव आहे आणि ते आपल्या घराघरांत माहीत असायला हवं होतं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. वरच्या क्रमांकानं उत्तीर्ण झाल्या आणि त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. त्या जाऊन समोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश का नाही याचं कारण मागितलं. शेवटी एक वर्षासाठी, अटींवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली आणि त्यांच्या कामानंतर संस्थेची दारं मुलींना उघडली. रामन थोर होतेच, पण त्या दिवशी ते चुकले होते, हे स्पष्ट म्हणायला हवं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथली हवाच त्या काळात पॉर्फिरीनची होती. डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये वर्णपटदर्शकातून किड्यांचे स्नायू आणि यीस्ट पाहताना काळ्या पट्ट्यांचा एक संच ओळखला होता. हवा दिली की पट्टे नाहीसे व्हायचे, हवा बंद केली की परत यायचे. पेशीच्या श्वासाबरोबर रंग बदलणारं हे द्रव्य म्हणजे सायटोक्रोम. त्याच्या पोटातही हीमच असतं. फरक असा की हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिजन धरून ठेवतं, तर सायटोक्रोममधलं लोह एक इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं. हातातून हातात विटा पुढे सरकवणाऱ्या मजुरांच्या रांगेसारखी ही रांग असते. अन्नातली ऊर्जा या रांगेतूनच पेशीला मिळते आणि रांगेच्या टोकाला सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं.

वनस्पतींतही सायटोक्रोम असल्याच्या खुणा कायलिन यांना दिसल्या होत्या. पण झाडाचा श्वास खरोखर याच रांगेतून चालतो का, हे ठरायचं होतं. कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्यासोबत बटाट्यावर काम केलं. बटाट्याच्या गाभ्यात हिरवा रंग नसतो, त्यामुळे हीमच्या फिक्या खुणा हरितद्रव्याखाली झाकल्या जात नाहीत. बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं त्यांनी दाखवलं. सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं हिल आणि भागवत यांचं टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. त्याच वर्षी त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. प्रबंध टंकलिखित ४० पानांचा, आणि तोही सुमारे १४ महिन्यांत पुरा झालेला. आज जाडजूड प्रबंध बांधून आणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत स्थिरावल्या आणि पुढे तिच्या संचालक झाल्या. नीरा, कडधान्यं, गरिबाच्या ताटातलं पोषण, हे त्यांचे विषय राहिले. केंब्रिजमध्ये बटाट्याचा श्वास शोधणारी बाई आयुष्यभर मराठी माणसाच्या ताटाचा विचार करत राहिली, हे मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठं वाटतं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

सायटोक्रोम ऑक्सिडेज हे नाव सोनपेठच्या शेतकऱ्यानं ऐकलेलं नसेल, पण त्याच्या बिघाडाचा परिणाम त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. पावसानं ओढ दिली आणि सुकू लागलेली कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली, की त्याला किराळ लागतं. धाप लागते, जनावर थरथरतं, कोसळतं, आणि कधी कधी डॉक्टर पोचायच्या आत मरतं. कोवळ्या ज्वारीतून सायनाइड सुटतं आणि ते नेमकं सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या हीममधल्या लोहावर जाऊन बसतं. रांगेचं शेवटचं टोकच बंद होतं. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. पशुवैद्यक सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन देतात. नायट्राइट हिमोग्लोबिनमधल्या काही लोहाचं रूप असं बदलतं, की सायनाइड विकराला सोडून त्या लोहाला चिकटतं, आणि थायोसल्फेट त्याचा निकाल लावतं. हीमवर बसलेलं विष हीम देऊनच काढायचं, असा हा उपचार आहे.

हिवतापाचीही गोष्ट याच रेणूभोवती फिरते. सोनपेठ तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि त्याच राज्यातल्या सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. त्या काळ्या कणांवरूनच त्यांनी हिवतापाचा जंतू ओळखला. ते कण म्हणजे हीम. जंतू तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. प्रथिन पचतं, पण सुटं हीम त्याला विष ठरतं, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. क्लोरोक्विन हे औषध त्या स्फटिकीकरणातच अडथळा आणतं. मग आणखी एक नवल कळलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदराजन पद्मनाभन आणि नमिता सुरोलिया यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की हीमच्या राशीवर बसलेला हा जंतू स्वतःचं हीम स्वतःही घडवतो. ते त्याला कशासाठी लागतं, हे पुढच्या कामातून स्पष्ट होत गेलं. माणसाच्या रक्तात असताना नव्हे, तर डासाच्या आणि यकृताच्या मुक्कामी त्याला ते हवं असतं.

आपल्या आठ विकरांपैकी एखादं जन्मतः अशक्त असेल, तर होणाऱ्या आजारांना पॉर्फिरिया म्हणतात. ते दुर्मीळ आहेत. पण त्यातल्या एकाबद्दल इथे सांगायलाच हवं. त्यात पोटात भयंकर कळा येतात, झोप उडते, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि लघवी उजेडात ठेवली तर गडद लालसर होते. तपासण्या साध्या निघाल्या की घरचे बाहेरची बाधा समजतात. काही औषधं आणि कडक उपवास यांनी हा झटका येतो, कारण दोन्हींमुळे यकृत हीमच्या पहिल्या पायरीचा वेग वाढवतं आणि मधे माल तुंबतो. पोटात पुन्हा पुन्हा अशा कळा येत असतील आणि लघवीचा रंग बदलत असेल, तर देवऋष्याकडे जाऊ नका. डॉक्टरांना पॉर्फिरियाची तपासणी करायला सांगा. शिशाच्या विषबाधेतही पोटात अशाच कळा येतात, कारण शिसं त्या दुसऱ्या विकरातल्या जस्ताची जागा बळकावतं.

पण आपल्याकडे हीमचं खरं दुखणं विकरांचं नाही, लोहाचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो कमी व्हायचा तर वाढला. शरीरात लोह कमी पडलं की फेरोकिलेटेज रिकामं बसत नाही. ते कोंदणात लोहाऐवजी जस्त बसवतं. सोनाराकडे खडा नसला की काच बसवावी तसं. ते जस्ताचं पॉर्फिरीन ऑक्सिजन वाहू शकत नाही. पायऱ्या चढताना धाप लागणं, दुपारी अंग मोडून येणं, याला बायका 'काम जास्त झालं' म्हणतात. शेंड्याचं पान पिवळं पडलेलं नवऱ्याला दुरून दिसतं, पण बायकोच्या पापणीच्या आतला फिका रंग घरात कुणी बघत नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं यावर एक चांगलं काम केलं आहे. इक्रिसॅटसोबत त्यांनी २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, तर यात सुमारे ४५ मिलिग्रॅम. भाकरी तीच, चूल तीच, पण लोह दीडपट. एका भाकरीनं रक्तक्षय जाणार नाही, कारण ज्वारीतल्या फायटेटमुळे त्यातलं थोडंच लोह अंगी लागतं. पण वर्षभर रोज खाल्ल्या जाणाऱ्या धान्यात असा फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे. सोबत लिंबू पिळलेली पालेभाजी असली, तर ते लोह अधिक शोषलं जातं.

गरोदरपणात आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असतं. बऱ्याच गोळ्यांत ते लोह फेरस सल्फेटच्या रूपात असतं. उसावर फवारतो तो हिराकस आणि ही गोळी यांच्यातलं लोह एकच आहे. अर्थात फवारणीचा हिराकस तोंडात घालायचा नाही. तो अशुद्ध असतो आणि त्याचं प्रमाण जिवावर बेतू शकतं. गोळीनं सुरुवातीला मळमळ होते, शौच काळी होते. त्याला घाबरून गोळी बंद करू नका. चहासोबत घेऊ नका. चहा आणि गोळी यांत तास-दोन तास जाऊ द्या. यंदा खोडव्यावर हिराकस फवाराल, त्याच आठवड्यात घरातल्या बायका-मुलींना सरकारी दवाखान्यात नेऊन त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.